वाट्याच्या खुणा

माझं लग्न ठरलं तेव्हा मला सासरची नाही, पाण्याची काळजी पडली. माझ्या धाकट्या बहिणीला पाणी मागता येत नव्हतं. ती सात वर्षांची होती, मी पंधराची. तहान लागली की ती माझं मनगट धरायची, मला ओढत माठापाशी न्यायची आणि माझा हात माठाकडे ढकलायची, चिमटा उचलून निखाऱ्याकडे न्यावा तसा. माझ्या तोंडाकडे ती बघायची नाही. तिला माझा हात हवा असायचा, आणि तोही माझाच. मायचा हात तिला चालायचा नाही, बाबांचा तर नाहीच. आता वैशाखात मी वैनगंगेपलीकडे जाणार होते आणि माझं मनगट माझ्याबरोबर जाणार होतं.

हे ठरलं दिवाळीनंतर, धानाची कापणी चालू असताना. पाहुणे उठून गेले आणि मी बोटांवर महिने मोजायला लागले. मला मुळातच धीर नाही. आजही भात शिजायच्या आत तीनदा झाकण काढून बघणारी बाई मी. त्या दिवसापासून तर मला एका जागी बसवेना. जाळं विणायला बसले की दोन गाठी मारून उठायचे, उठून अंगणात जायचे, अंगणात जाऊन कशाला आले ते विसरायचे. माय म्हणायची, "लग्न ठरलं तं टुरीच्या पायाले भिंगरी लागली." तिला वाटायचं मी लाजते आहे. लाजतंय कोण! मी हिशेब करत होते की पाच महिन्यांत एका मुलीला तीन शब्द शिकवता येतात की नाही. पानी. दुखते. नाई. याच्यापुढे मला काही नको होतं.

आमचं गाव नदीच्या अलीकडे, गडचिरोलीपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तीन बाजूंना जंगल आणि चौथ्या बाजूला तळं. तळ्याच्या पाळीला लागून आम्हा ढिवरांचा मोहल्ला, अकरा घरांचा. मालगुजारी गेली होती, तळं सरकारचं झालं होतं, पण मासे आम्हीच धरत होतो.

बहिणीला सगळे मुकी म्हणायचे. ती मुकी नव्हती. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू असताना बाया जे गाणं म्हणतात ते ती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची, एक सूर न चुकता, फक्त त्यात शब्द नसायचे. जाळ्याला लावायची मातीची वजनं ती ओट्यावर एका ओळीत मांडायची आणि त्यातलं एक जरी कुणी हलवलं तरी असं ओरडायची की तळ्यावरचे बगळे उडायचे. डोळ्यांसमोर बोटं नाचवायची. ढिवराच्या घरात जन्मून माशाला तोंड लावायची नाही, वासानेच पळायची. बाबा म्हणायचे, "हे कोन्या बाम्हनाची आपल्या घरी चुकून आली." ते हसून म्हणायचे, पण त्यांचा जीव तिच्यासाठी तुटायचा हे मला माहीत होतं.

तिने बोलावं म्हणून जे काही करायचं ते करून झालं होतं. वेखंड मधात उगाळून तिच्या जिभेला लावलं, तिने ते मायच्या लुगड्यावर थुंकलं. पोपटाने चोच मारलेला पेरू खाल्ला की मूल बोलतं म्हणतात, म्हणून मी एका झाडाखाली दोन दिवस ताटकळले. पेरू तिने आवडीने खाल्ला, बोलली मात्र नाही. तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने तिच्या पाठीमागे पितळेची थाळी आपटली, ती वळली नाही. मग त्याने खिशातून बिस्किटाचा कागद हळूच काढला, तशी ती गरकन वळली. डॉक्टर हसला. म्हणाला, कान ठणठणीत आहेत, जीभही चांगली आहे.

"मंग बोलत काऊन नाई?" बाबांनी विचारलं.

"बोलेल," तो म्हणाला.

बाबांचं समाधान झालं. माझं झालं नाही. कधी बोलेल? वैशाखाच्या आधी की नंतर? हे विचारायला मी तोंड उघडलं होतं, पण तोवर बाबांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं होतं.

म्हणून मग मी माझी युक्ती काढली. ती मला आज सांगायचीही लाज वाटते, पण सांगते. एक दिवस माय बाजाराला गेली असताना बहिणीने माझं मनगट धरून माठाकडे ओढलं. मी लोटा भरला आणि डोक्याच्या वर धरला. म्हटलं, "पानी म्हन. पानी. मंग देतो." तिने लोट्याकडे उड्या मारल्या. मी आणखी वर धरला. तिने माझं मनगट पुन्हा धरलं, खाली ओढलं, मी सोडवलं. "पानी म्हन." तिने स्वतःचा हात चावला. मी म्हटलं, चाव. आज एक शब्द काढल्याशिवाय मी सोडणार नाही. सावली अंगणाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेली. तिचे ओठ पांढरे पडले आणि ती जमिनीवर आडवी होऊन नुसतं हुंकारायला लागली. मला ते समजायला हवं होतं. मला वाटलं, आता येणार शब्द.

माय परत आली ती टोपली टाकून धावलीच. "अव, मारशीन का काय तिले? पानी दे आधी!" लोटा माझ्या हातून हिसकावून तिने बहिणीला पाजलं आणि मग तोच लोटा माझ्या पाठीत घातला. बरोबरच केलं. त्यानंतर तीन दिवस बहिणीने माझं मनगट धरलं नाही. ती तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी प्यायची. मला रडू यायचं आणि रागही यायचा, आणि राग कुणावर काढावा ते कळायचं नाही.

आता वाट्यांबद्दल सांगायला हवं. माघ ते वैशाख, तळ्याचं पाणी उतरलं की सगळा मोहल्ला मिळून मोठी मासेमारी करायचा. धरलेल्या माशांचे पाळीवर पळसाच्या पानांवर अकरा वाटे घालायचे. रोहू, मरळ, झिंगे, सगळं थोडं थोडं. वाटे घालायचं काम मोहल्ल्यातल्या सगळ्यात वयस्क माणसाचं, त्यांना सगळे मोठे भाऊ म्हणायचे. वाटे कितीही नीट घातले तरी एखादा मोठा दिसतोच. म्हणून कोणता वाटा कोणाचा हे माणसांनी ठरवायचं नाही. प्रत्येक घराची एक खूण असायची. कुणाचा चिंचोका, कुणाची शिंपली, कुणाची मोहाची बी, कुणाचा बांबूचा पेर, आमचं जाळ्याचं मातीचं वजन. सगळ्या खुणा सुपात टाकायच्या, घरवाल्यांनी वाट्यांकडे पाठ करायची आणि कोणती खूण कोणाची हे ज्याला ठाऊक नाही अशाने एकेका वाट्यावर एकेक खूण ठेवायची. ज्या वाट्यावर तुमची खूण, तो तुमचा. त्यावर तक्रार नाही.

हे काम दोन वर्षं माझी बहीण करत होती. दुसरं कुणी मूल घेतलं की त्याला घरचे आधी पढवून ठेवतात असा संशय असायचा. हिला कोण पढवणार? मोठे भाऊ म्हणायचे, मोहल्ल्यात सच्चा न्याय एकच, मुक्या टुरीचा. बाबांची मान त्या दिवशी ताठ असायची. वर्षभर जिच्यामुळे लोक त्यांच्याकडे दयेने बघायचे, तिच्यामुळे त्या दिवशी मानाने बघायचे. आणि एक गंमत बघा. पहिल्या वर्षी कुणी तरी जुन्या खुणेऐवजी नवी आणली तेव्हा ती ओरडून ओरडून निळी पडली होती. म्हणून मोहल्ल्याने ठरवलं की खुणा आता बदलायच्या नाहीत, एका टोपलीत घालून आमच्याच घरी ठेवायच्या. खूण बदलली तर जिला कळतं, तिला खुणा कळतात, एवढी साधी गोष्ट अकरा घरांतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आली नाही. माझ्याही नाही.

पौषात एका दुपारी मी धान कांडत होते. बहीण आली आणि माझ्या तळहातावर चिंचोका ठेवून गेली. मी तो टाकला. तिने उचलून पुन्हा ठेवला. मी पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा तिने तो माझ्या मुठीत कोंबला आणि किंचाळली. माझं डोकं फिरलं, मी तिच्या गालावर एक ठेवून दिली. ती रडली नाही. तिने माझं मनगट धरलं आणि मला ओढत घराबाहेर काढलं, दोन घरं ओलांडून तिसऱ्या घरापाशी नेलं. ते बकऱ्यावाल्या काकूचं घर. त्यांच्या बकरीला सकाळीच दोन पिल्लं झाली होती. बहीण आत शिरून पिल्लांपाशी उकिडवी बसली.

चिंचोका ही काकूच्या घराची खूण होती.

मी तिथे दारातच बसले. मग तशीच घरी पळाले, टोपली घेऊन आले, तिच्यासमोर ठेवली. ती पिल्लांवरून हलायला तयार नव्हती. पण दुसऱ्या दिवशी तिने शिंपली आणून दिली, मी तिला शिंपलीवाल्यांच्या घरी नेलं, तिथे वाळत घातलेल्या नव्या जाळ्याखाली जाऊन ती लोळली. तिसऱ्या दिवशी मोहाची बी. तिने दिली की मी हातातलं टाकून उठायचे. माय म्हणायची, "तुले दुसरा धंदा नाई का?" नव्हताच.

मला वेड लागायचं बाकी होतं. मी माझ्या तोंडातला शब्द तिच्या तोंडात घालायला बघत होते आणि तिच्याकडे शब्द होतेच, टोपलीभर. आठवडी बाजारात माझी माय आणि जंगलातली एक गोंडीण दरवेळी सौदा करायच्या. मायला गोंडी येत नव्हती, तिला मराठी जेमतेम. माय सुके झिंगे पुढे ठेवायची, ती चारोळी पुढे ठेवायची. कमी वाटलं तर मागे सरकवायची. दोघींचं कधी अडलं नाही, उलट एकमेकींच्या बाळंतपणाची खबरबातही त्यांना असायची. हे मी लहानपणापासून बघत आले होते आणि माझ्या बहिणीच्या बाबतीत मला ते सुचलं नव्हतं.

मग मी नव्या खुणा केल्या. दुधी भोपळ्याच्या वाळक्या सालाचा तुकडा म्हणजे पाणी. तो मी माठाशेजारी खुंटीला बांधला. तिने मनगट धरलं की मी तो तिच्या हातात द्यायचे, तिचा हात माझ्या तळहाताकडे वळवायचे, तुकडा माझ्याकडे आला की त्याच क्षणी पाणी. क्षणाचाही उशीर नाही. लोटा वर धरणं नाही. आठ दिवसांत ती तुकडा स्वतः सोडून आणायला लागली. नंतर मी मायला पुढे केलं आणि मी मागे भिंतीला टेकून उभी राहिले, हात पदराखाली लपवून. बहिणीने माझे हात शोधले, सापडले नाहीत. मग ती मायकडे वळली आणि मायच्या हातात तुकडा दिला. मायने पाणी दिलं आणि पाणी देता देता रडली. सात वर्षांत पोरीने तिच्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं.

दुखण्यासाठी मी बाभळीचा काटा घेतला, टोक मोडून. ते शिकवायला तिला काही तरी दुखायची वाट बघावी लागली. वाट बघणं म्हणजे माझ्यासाठी शिक्षाच. शेवटी तिला विंचू चावला तेव्हा ते जमलं, आणि आपल्याला त्या घडीला आनंद झाला याचं मला फार वाईट वाटलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी बालवाडीची बाई झाले, तेव्हा एका शिबिरात नागपूरहून आलेल्या एका मुलीने आम्हाला चित्रांची कार्डं दाखवली. न बोलणाऱ्या मुलाने कार्ड हातात दिलं की वस्तू लगेच द्यायची, म्हणाली. याला ती वाचा-उपचार म्हणाली आणि अशा मुलांसाठी स्वमग्न असा शब्द तिने फळ्यावर लिहिला. सगळ्या बायका वहीत उतरवून घेत होत्या. मी उठून व्हरांड्यात गेले आणि चपला न घालताच फाटकापर्यंत जाऊन आले. तिथे काही मिनिटंही बसणं मला शक्य नव्हतं.

तर माघ आला. पाणी आणि दुखणं जमलं होतं, माय तयार झाली होती. पण माय सकाळी मासे विकायला जायची ती दुपारनंतर यायची. मधल्या वेळात बहीण मोहल्ल्याच्या भरवशावर. मोहल्ल्याला तिच्या खुणा माहीत नसतील तर तिने भोपळ्याचं साल कुणाच्या हातात दिलं काय आणि नाही दिलं काय. मी बाबांना म्हटलं, सगळ्यांना सांगू या.

बाबा जाळं पसरत होते, ते थांबले. "काय सांगशीन? का टुरीले सगळ्याइच्या खुणा समजतेत?"

"हो."

"आन् मंग दोन वर्सं वाटे कोनं लावले? आजपावतर आपल्या घरी आलेली एकेक मोठी मरळ लोक आपल्या तोंडावर मारतीन. म्हनतीन, बापानं पढवून ठेवली होती." त्यांनी आवाज खाली आणला. "कोनाले सांगू नोको. एक शब्द नाई."

"पन मी गेल्यावर तिचं कोन समजून घेईन?"

ते पुन्हा जाळं पसरायला लागले. त्यांचंही चुकत नव्हतं, हेच तर अवघड होतं. मी मूग गिळून बसले. म्हणजे जेवढं मला बसता येतं तेवढं. दिवसातून दहा वेळा तोंडाशी यायचं आणि दहा वेळा मी ते गिळायचे. वैशाखाला दोन महिने उरले, मग दीड.

फाल्गुनात मोठी मासेमारी झाली. पाळीवर अकरा वाटे मांडले होते, घरवाले पाठ करून उभे होते, बहीण सूप घेऊन वाट्यांजवळ उभी होती. बाया मागे बसल्या होत्या. त्यातली शेवटच्या घरची बाई प्रेमाने म्हणाली, "देवानं बरी टुरी देल्ली. ना कोनाचं घेनं ना कोनाचं देनं. गोऱ्ह्यावानी हाये बिचारी, तिले काय समजते!"

वाईट मनाने म्हणाली असती तर कदाचित मी गप्प राहिले असते. पण ती कौतुकाने म्हणाली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मला दिसलं की मी गेल्यावर ही अशीच कौतुक करत बसणार आणि माझी बहीण हातात भोपळ्याचं साल धरून यांच्या दारात तहानेने उभी राहणार. मी ओरडले, "तिले सगळं समजते! कोनाची खून कोनती ते तुमच्यापेक्षा तिले जास्त मालूम हाये!"

घरवाले वळले. आधी हसले. मोठे भाऊ हसले नाहीत. म्हणाले, "दाखव."

मी बाबांकडे बघितलं नाही. सुपातला चिंचोका उचलला, काकूच्या घरवाल्याच्या हातावर ठेवला आणि बहिणीकडे बघत थांबले. ज्याची त्याला दे, हे सांगायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. ती काही वेळ बोटं नाचवत उभी राहिली. मग चालायला लागली. तिने एकाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही. ती पायांकडे बघत होती. पाय बघून थांबायची, सुपातून खूण उचलायची, त्या माणसाच्या हातावर ठेवायची. शिंपली शिंपलीवाल्याला. बी बीवाल्याला. मोठ्या भाऊंचा बांबूचा पेर मोठ्या भाऊंना. शेवटी बाबा. त्यांनी मूठ घट्ट मिटली होती. तिने त्यांची बोटं एकेक करून उघडली आणि आत मातीचं वजन ठेवलं.

मग जे व्हायचं ते झालंच. सगळे एकदम बोलायला लागले. कोणत्या साली कोणाच्या घरी कोणता मासा गेला ते लोकांना तोंडपाठ होतं. ती मासे खात नाही, तिला मरळ काय आणि झिंगा काय, असं मी सांगत होते, कोण ऐकतो! त्या दिवशीचे वाटे पुन्हा एकत्र करून पुन्हा घातले. बहिणीचं काम गेलं. सगळ्यांनी आपापल्या खुणा बदलल्या. जुन्या कुणालाच नको होत्या, त्या पाळीवर टाकून लोक घरी गेले आणि बहिणीने त्या एकेक वेचून टोपलीत भरल्या. दोन घरांनी आमच्याकडे येणंजाणं सोडलं. बाबांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. हळदीच्या दिवसापर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत आणि मला त्यांची माफी मागावीशी वाटायची, पण केल्याचा पस्तावा होत नव्हता. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

तिसऱ्या दिवशी बकऱ्यावाली काकू आली. ओट्यावर बसली आणि मला म्हणाली, "मले सांग व माय. पान्याची खून कोनती?" मी दाखवली. काट्याचीही दाखवली. पंधरा दिवसांत आणखी चार घरच्या बायांनी विचारलं, त्यात ती गोऱ्ह्यावानी म्हणणारीही होती. वैशाख लागेपर्यंत माझी बहीण मोहल्ल्यात एकटी फिरायला लागली होती, भोपळ्याचं साल गळ्यात बांधून. तीन शब्दांतला 'नाई' मात्र राहिला. त्याला तिला खुणेची गरज नव्हती, तिचं ओरडणं पुरेसं होतं.

लग्नाच्या दिवशी वाजंत्र्यांनी डफडं धरलं आणि ती खाटेखाली गेली, कानात बोटं घालून. निघायच्या आधी मी शालूसकट खाटेखाली वाकले. तिने कितीतरी दिवसांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात दाराकडे, त्या आवाजाकडे ढकलला. बंद कर, म्हणत होती. मी बाहेर येऊन वाजवणाऱ्यांना म्हटलं, जरा थांबवा. ते हसले. नवरी मुलगी वाजंत्री बंद करायला सांगते म्हणून वऱ्हाडही हसलं. डफडं वाजतच राहिलं आणि मला गाडीत बसवलं.

सासरी माझं बरं चाललं होतं. सासू चांगली होती. पण मी घास अर्धा सोडून दारात जाऊन यायचे. नवरा म्हणायचा, "हिचे पाय जमिनीले लागतच नाई." आषाढात नदी फुगली, डोंगे बंद झाले, माहेरची खबर येईना. ती पाणी पीत असेल ना, या एका विचाराने मी पावसाचे चार महिने काढले.

दिवाळीला माहेरी आले. बहीण ओट्यावर बसली होती, अंगाने भरली होती, केस नीट विंचरलेले. काकू विंचरते, माय म्हणाली. ती उठली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. ते मला अपेक्षितच होतं. भोपळ्याचं साल गळ्यात होतं, हाताळून गुळगुळीत झालेलं. मी खाली बसले आणि पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. काम झालं होतं. माझ्यावाचून तिचं अडत नव्हतं.

मग चुलीपाशी बसून माय सांगायला लागली. "तू गेलीस ना, दुसऱ्या दिवसापासून तिनं टोपली काढली. चिंचोका देल्ला, मी काकूच्या घरी नेली. बकऱ्याइकडे पाह्यलं नाई. आत गेली, दारामागं पाह्यलं, खाटीखाली पाह्यलं, आली वापस. मंग शिंपली. मंग मोहाची बी. अकराच्या अकरा घरी फिरवली मले. प्रत्येक घरी दारामागं पाहे, खाटीखाली पाहे. अकरा झाले का पुन्हा चिंचोका. आखाडापावतर रोज." माय थांबली. "मी काय जानू, काय धुंडून राह्यली ते. काकूनं सांगितलं. म्हने, तुह्या मोठीले धुंडते."

अकरा घरांच्या खुणा तिच्याकडे होत्याच. मी पाण्याची दिली, दुखण्याची दिली. माझी दिली नव्हती. ते माझ्या मनातच आलं नव्हतं, कारण मी नेहमी तिथेच असायचे.

मी उठले, परत बसले, परत उठले. मग हातातली हिरवी बांगडी उंबऱ्यावर आपटली. माय किंचाळली, "अव, सवाशीन बाई तू!" मी ऐकलं नाही. बांगडीचा एक तुकडा घेतला, त्याच्या कडा पाट्यावर घासून बोथट केल्या आणि बहिणीसमोर जाऊन बसले. तो तुकडा माझ्या मनगटाला लावला, छातीला लावला, तिच्या हातात ठेवला. पुन्हा मनगट, पुन्हा छाती. तिने तुकडा डोळ्याजवळ नेऊन उजेडात धरला. वास घेतला. बराच वेळ ती तो फिरवत राहिली, मला वाटलं आता टोपलीत टाकेल.

तिने तो माझ्या तळहातावर ठेवला.

मी तिला परत दिला. तिने पुन्हा माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटवली.

"अव, इथीच तं बसली हाये ते तुह्यासमोर," माय तिला म्हणाली.

"हो, इथीच हाये मी," मीही म्हटलं. ती थांबेना. मी देत होते आणि ती मला मागत होती. मला घ्यायला दीर गाडी घेऊन परवा येणार होता, आणि ते तिला कशाने सांगायचं हे मला कळत नव्हतं.